ज्येष्ठांचा रस्ता कसा राखायचा: वस्तीने आणि पोलिसांनी मिळून करायचं काम

ज्येष्ठांच्या सुरक्षिततेसाठी बैठक भरली, की पहिली सूचना हमखास एकच येते: ज्येष्ठांनी शक्यतो एकट्याने बाहेर पडू नये. पोलीस हेच सांगतात, मुलं हेच सांगतात, कधी कधी ज्येष्ठांची मंडळंही हेच सांगतात. माझी नोकरी बीटवर पायी गस्त घालण्यात गेली आणि निवृत्तीनंतरही मी वस्त्यांमधून याच कामात आहे. त्या जोरावर सांगते, ही सूचना फलकावरून पुसून टाका. फिरणं सोडलेल्या माणसाचे आधी पाय जातात, मग ओळखी तुटतात आणि शेवटी तो चार दिवस दिसला नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय दहा म्हाताऱ्या माणसांपैकी आठ घरात बसली, की उरलेली दोन रस्त्यावर आणखी एकटी पडतात.

म्हणून काम सुरू करतानाच उद्दिष्ट ठरवून लिहून ठेवा. वस्तीतल्या पंचाहत्तरीच्या माणसाला त्याच्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या कामाला जाऊन येता आलं पाहिजे. पुढचं सगळं याच्यासाठी.

नेमकं कशापासून वाचवायचं आहे

अमेरिकेत दरवर्षी गुन्ह्यांना बळी पडलेल्यांचं मोठं सर्वेक्षण होतं. ज्येष्ठांवर होणारे हिंसक हल्ले तरुणांवरच्या हल्ल्यांपेक्षा कितीतरी कमी असतात, असं त्यातून वर्षानुवर्षे दिसत आलंय. बीटवरचा माझा अनुभवही तोच. म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला जास्त करून येते ती हिसकाहिसकी आणि बोलण्यात गुंतवून केलेली चोरी: मागून येऊन पिशवी ओढणं, गळ्यातली साखळी तोडणं, एटीएमपाशी मदतीच्या मिषाने कार्ड बदलणं, पोलीस असल्याची बतावणी करून दागिने काढायला लावणं. पण इथे एक फरक आहे. पंचविशीतला मुलगा झटापटीत पडला तर उठून धूळ झटकतो. ऐंशीच्या आजी पडल्या तर खुब्याचं हाड मोडतं, आणि खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक, काही ठिकाणी त्याहून जास्त, वर्षभरात दगावतात. पाकिटात थोडेच पैसे होते म्हणून गुन्हा किरकोळ, हा हिशेब ज्येष्ठांच्या बाबतीत लावू नका.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अभ्यासकांनी १९७९ साली एक साधी मांडणी केली, आणि मला आजही तिच्याइतकं उपयोगाचं काही सापडलेलं नाही. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी जमाव्या लागतात: करणारा, सोपं सावज, आणि राखणाऱ्याचा अभाव. चोराच्या मनावर आपला ताबा नाही. सावज थोडं अवघड करता येतं. पण राखणारं कोणीतरी तिथे असणं हे पूर्णपणे वस्तीच्या हातात आहे. राखणारा म्हणजे गणवेशातलाच हवा असं नाही. दुकानाच्या दारात उभा असलेला माणूस, बाकावर बसलेल्या दोन बायका, खिडकीतून बघणारे आजोबा, एवढंही पुरतं.

आधी त्यांच्याबरोबर चाला

बैठक, पत्रक, शपथ यांच्या आधी हे करा. वस्तीतल्या काही ज्येष्ठांना विचारा की ते कुठे, कधी, कशाला जातात, आणि त्याच वेळी त्यांच्याबरोबर चाला. त्यांच्याच चालीने चाला, पुढे जाऊ नका. रस्ता ओलांडणारा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून पुष्कळ ठिकाणी सिग्नलची वेळ ठरवलेली असते. इंग्लंडमध्ये पासष्टीच्या पुढच्या लोकांची चाल मोजली, तेव्हा बहुतेकांना तो वेग गाठता येत नव्हता. त्या चालीने तुम्ही रस्ता पाहिलात की तो वेगळाच दिसतो.

एका आजोबांबरोबर मी बँकेपर्यंत गेले होते, त्याचं टिपण माझ्या वहीत आहे. काठी उजव्या हातात, त्यामुळे पिशवी डाव्या खांद्याला नुसती लटकवलेली, आणि ती बाजू नेमकी रस्त्याकडे. पदपथ उखडला होता तिथे ते खाली उतरले आणि गाड्यांच्याच दिशेने चालू लागले. मागून येणारी दुचाकी त्यांना दिसणं शक्य नव्हतं. पुढे झाडाच्या बुंध्याला टेकून दम खाल्ला, कारण बसायला काही नव्हतं. एटीएममधून पैसे काढून ते बाहेर पायरीवर आले आणि तिथे उभं राहून नोटा मोजू लागले. मी विचारलं, आत का नाही मोजल्या? म्हणाले, "आत दिसत नाही गं. दिवा किती मंद आहे बघ." खरंच होतं. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. तुम्हाआम्हाला बरा वाटणारा उजेड त्यांना संधिप्रकाश असतो.

एवढ्याशा चालण्यातून चार कामं निघाली: पिशवीचा पट्टा खांद्यावरून आडवा घ्यायचा आणि पिशवी भिंतीच्या बाजूला ठेवायची, पदपथ दुरुस्त करून घ्यायचा, वाटेत एक बाक ठेवायचं, बँकेला सांगून दिवा बदलून घ्यायचा. यातल्या एकाही कामाला जादा पोलीस लागत नाही.

असं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांबरोबर चालून झालं की वस्तीचा हाताने काढलेला नकाशा घ्या आणि त्यावर खुणा करा. कुठे काय घडलं, कुठे घडता घडता राहिलं, कुठे नुसती भीती वाटते, यासाठी वेगवेगळे रंग वापरा. "घडता घडता राहिलं" हा रंग विसरू नका. पोलिसांच्या नोंदीत तो कधीच नसतो, आणि पुढचा गुन्हा पुष्कळदा तिथेच होतो. खुणा सगळीकडे सारख्या पसरणार नाहीत, थोड्याच जागी गोळा होतील. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात लॉरेन्स शर्मन या गुन्हे-अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांना आलेल्या कॉलचा पत्त्यांवरून अभ्यास केला होता, तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. शहरातल्या सुमारे ३ टक्के जागांवरूनच निम्मे कॉल येत होते. तुमच्या नकाशातही बहुधा एक चौक, एक बोळ आणि एक बँकेचा रस्ता एवढंच उठून दिसेल. काम तिथे करायचं.

ठाण्यात जाताना काय घेऊन जायचं

"आमच्या भागात चोऱ्या वाढल्यात, गस्त वाढवा." ठाण्यात रोज येणारा हा अर्ज. तो घेतला जातो, त्यावर शिक्का पडतो, आणि दोन दिवस गाडी फिरते. गाडी फिरण्याने फारसं काही होत नाही, हे कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्येच तपासून झालंय. गस्तीच्या गाड्या काही भागात दुप्पट-तिप्पट केल्या, काही भागात बंद केल्या, तरी गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

त्याऐवजी असं लिहून न्या: "पेन्शन जमा होते त्या आठवड्यात, बँक उघडल्यानंतरचे दोन तास, बँक ते दवाखाना या रस्त्यावर, मागून दुचाकीवरून येऊन पिशवी ओढण्याचे प्रकार होत आहेत. त्यातले काही नोंदले गेलेले नाहीत. सोबत नकाशा जोडला आहे." वार, वेळ, जागा, पद्धत. हा कागद हातात पडला की ठाणे अंमलदार मान वर करून बघतो, कारण यावर त्याला काहीतरी करता येतं. पोलिसांच्या कामाचे अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ पासून हेच सांगितलं: पोलिसांनी एकेका घटनेमागे धावण्याऐवजी त्या घटनांच्या मुळाशी असलेली अडचण ओळखून सोडवावी. अडचण शोधा, तिचं कारण तपासा, उपाय करा, उपाय लागू पडला का ते बघा, हा त्यातला क्रम. बघण्याची शेवटची पायरी सगळ्यांकडून गळते, म्हणून ती आधीच तारीख घालून ठरवा.

ठाण्याकडे तीन गोष्टी मागा.

पहिली, एक नाव. "आम्ही बघतो" हे उत्तर पुरेसं मानू नका. कोणता अंमलदार, त्याचा क्रमांक, तो कधी भेटेल आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण, हे विचारून घ्या. जपानमध्ये कोबान नावाच्या छोट्या चौक्या असतात आणि तिथले पोलीस नेमून दिलेल्या भागातल्या घरोघरी जाऊन ओळख करून घेतात. ती पद्धत टिकली याचं कारण तेच, की लोकांना पोलीस चेहऱ्याने माहीत असतो. म्हातारं माणूस ओळखीच्या चेहऱ्याला जे सांगतं ते कोणत्याही हेल्पलाइनला सांगत नाही.

दुसरी, ठरलेल्या वेळी थोडा वेळ थांबणं. दिवसभराचा बंदोबस्त कोणतंच ठाणं देऊ शकत नाही, आणि त्याची गरजही नाही. मिनियापोलिसमधल्याच निरीक्षणांवरून क्रिस्टोफर कोपर यांनी १९९५ साली दाखवलं, की गुन्ह्याच्या जागी पोलीस साधारण ११ ते १५ मिनिटं थांबला तर तो निघून गेल्यावरही काही काळ तिथे शांतता राहते. त्याहून जास्त थांबून फायदा वाढत नाही. म्हणजे बँक उघडल्यावर पंधरा मिनिटं, दवाखाना सुटताना पंधरा मिनिटं, आणि तीही पायी. गाडीतून उतरून, टोपी घालून, बाकावरच्या दोघांशी बोलून.

पायी गस्तीबद्दल एक खरं सांगायला हवं. नेवार्क शहरात १९७८-७९ मध्ये पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्हे फारसे घटले नाहीत, पण लोकांना पोलीस दिसले, सुरक्षित वाटू लागलं, पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. पुढे २००९ मध्ये फिलाडेल्फियात ही गस्त नेमक्या त्रासाच्या जागी लावली, तेव्हा तिथले हिंसक गुन्हेही घटले. पण मला नेवार्कचा निष्कर्षसुद्धा लहान वाटत नाही. भीती कमी होऊन माणूस घराबाहेर पडतो, हे ज्येष्ठांच्या बाबतीत निम्मं काम आहे.

तिसरी, मागच्या वर्षभरातल्या घटनांची वेळ, जागा आणि पद्धत, नावं वगळून. ती तुमच्या नकाशाशी ताडून पाहा. जिथे तुमच्याकडे खुणा आहेत आणि त्यांच्याकडे नाहीत, तिथे लोक तक्रारच करत नाहीत. का करत नाहीत ते विचारायला पुन्हा घरोघरी जा.

जागा बदला

दिवे लावून घ्या, जरूर लावा. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही वसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीने तात्पुरते प्रखर दिवे बसवले, तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. पण ज्येष्ठांना लुबाडणारे पुष्कळदा सकाळी आणि भरदुपारी येतात, त्यामुळे दिव्यांवर थांबू नका. नजर कुठे पोहोचत नाही ते शोधा: कमरेच्या वर वाढलेलं कुंपण, कायम उभी असलेली बंद गाडी, जाहिरातीचा फलक, आंधळं वळण. दुचाकीवरचा चोर पळायला कुठून वळतो ते पाहा आणि तिथे खांब किंवा गतिरोधक मागा.

आणि बाकं. याबद्दल मी प्रत्येक बैठकीत भांडते. बाक ठेवलं की टवाळखोर जमतात म्हणून ती काढून टाकली जातात. माझं म्हणणं उलट आहे. ज्या रस्त्यावर दर थोड्या अंतराने ज्येष्ठांना टेकायला जागा आहे, तिथे ज्येष्ठ दिसतात, आणि ते दिसतात तिथे दहा वाजता कोण आलं, अकराला कोण परत फिरलं हे सगळं त्यांना ठाऊक असतं. टवाळखोरांची अडचण असेल तर बाक रिकाम्या कोपऱ्यातून उचलून दुकानांसमोर आणा, तोडू नका.

दुकानदारांपैकी जे तयार असतील त्यांच्या दारावर एक खूण लावा, म्हणजे अडचणीत असलेल्या माणसाला तिथे आत बसता येईल, पाणी मिळेल, फोन लावून मिळेल. खूण लावण्यापूर्वी त्या दुकानातल्या प्रत्येक नोकराला हे माहीत आहे ना ते बघा. मालकाने होकार दिलाय आणि गल्ल्यावरच्या पोराला पत्ता नाही, असं पुष्कळदा होतं.

स्वयंसेवक कोण आणि त्यांनी काय करायचं नाही

शेजाऱ्यांनी पहारा ठेवण्याच्या योजना जुन्या आहेत. अमेरिकेत शेरिफांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्ये ती चळवळ देशभर नेली, ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये चेशरमधल्या मॉलिंग्टन गावात पहिली योजना सुरू झाली. जिथे त्या फसल्या तिथे बहुतेकदा एकतर फलक लावून सगळे झोपी गेले, किंवा हातात काठ्या घेऊन लोक स्वतःच पोलीस झाले. दुसरं जास्त घातक. अनोळखी पोरगा दिसला म्हणून त्याला धरून मारहाण झाली, तर तो गुन्हा तुमच्यावर आहे, आणि तसा तो असायलाच हवा.

स्वयंसेवकाचं काम बघणं, आवाज देणं, फोन करणं आणि म्हाताऱ्या माणसापाशी थांबणं. पाठलाग करायचा नाही, अडवायचं नाही, झडती घ्यायची नाही. हे लेखी द्या आणि सही घ्या.

प्रत्येकाची पडताळणी ठाण्यातून करून घ्या, ओळखीच्यांचीही. ओळखपत्रावर फोटो आणि ठाण्याचा शिक्का असू द्या. ज्येष्ठांच्या घरी जाताना दोघांनी जायचं. रोख रक्कम, कार्ड, पिन, पासबुक, कपाटाची किल्ली यांतल्या कशालाही हात लावायचा नाही, त्यांनी आग्रह केला तरी. "बाळा, तूच काढून आण ना पैसे" असं आजी म्हणतात तेव्हा नाही म्हणणं जड जातं. तरी नाहीच म्हणायचं, आणि त्यांच्याबरोबर जायचं.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावीच लागते: नाव, मजला, औषधं, जवळच्या नातेवाइकाचा नंबर, ऐकू येतं का, कोण कामाला येतं. ही यादी चुकीच्या हातात पडली तर चोराला आयतंच घबाड मिळालं. ती फोनवरच्या गटात कधीही टाकायची नाही. एक प्रत ठाण्यात, एक जबाबदार माणसाकडे कुलपात, बस. यादीत नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारायचं, मुलाला नव्हे. काहीजण नको म्हणतील, त्यांचा मान ठेवायचा.

आणि ज्येष्ठांना नुसतं सांभाळायची माणसं समजू नका. अमेरिकेत १९८८ मध्ये निवृत्तांची मोठी संघटना, पोलीस प्रमुखांची संघटना आणि शेरिफांची संघटना एकत्र आल्या आणि ट्रायड नावाचा उपक्रम उभा राहिला. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे स्थानिक समितीत ज्येष्ठ स्वतः बसतात आणि कशाची भीती वाटते, आधी काय करायचं, हे पोलिसांना सांगतात. तुमच्या समितीतही निम्मे तरी ज्येष्ठ हवेत. नोंदवही त्यांच्यातल्याच कोणाकडे द्या. निवृत्त शिक्षक, कारकून, परिचारिका यांच्याइतकी नेटकी नोंद दुसरं कोणी ठेवत नाही.

शिकवायचं थोडंच, पण तोंडाने म्हणून घेऊन

वीस सूचनांचं पत्रक कोणी वाचत नाही. मी चारच गोष्टी सांगते आणि त्या करून घेते.

हिसका बसला की सोडून द्या. पिशवी ओढली गेली तर हात सैल सोडा. अंगवळणी पडलेली सवय घट्ट धरायची असते, म्हणून याचा सराव लागतो. बैठकीत खुर्चीवर बसवून पिशवी हळूच ओढायची आणि त्यांनी ती सोडायची. आधी हसतात सगळे, मग दोन-तीनदा केल्यावर हात आपोआप सुटतो. पट्टा मनगटाला गुंडाळायची सवय असेल तर ती मोडा, कारण त्याने माणूस फरपटला जातो. आडवा घेतलेला पट्टाही ओढ बसल्यावर सुटेल असा बटणाचा असेल तर उत्तम. किल्ली आणि औषधांची चिठ्ठी पिशवीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवा, म्हणजे पिशवी गेली तरी जीव तिच्यात अडकत नाही.

अनोळखी माणूस अंगाजवळ आला की थांबून हात पुढे करायचा आणि मोठ्याने "लांबून बोला" म्हणायचं. कपड्यावर घाण पडलीय म्हणून पुसायला येणारा, नकाशा दाखवत पत्ता विचारणारा, जुनी ओळख सांगून मिठी मारणारा, या सगळ्यांना अंगाजवळ यावंच लागतं. म्हातारी माणसं उद्धट दिसू नये म्हणून गप्प राहतात. त्यांना सांगावं लागतं की लांबून बोला म्हणण्यात उद्धटपणा नाही, आणि भल्या माणसाला त्याचा रागही येत नाही.

पोलीस म्हणून आलेल्या माणसाबद्दल मी जरा जास्तच वेळ घेते, कारण तो आमचाच गणवेश वापरून लुबाडतो. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढून कागदात बांधून द्यायला सांगत नाही. तो नोटा तपासायला मागत नाही, पिन विचारत नाही, तुमचे पैसे "सुरक्षित खात्यात" हलवायला सांगत नाही. कोणी असं म्हणालं तर एकच वाक्य: "मी ठाण्यात फोन करून विचारते, तुम्ही इथेच थांबा." हे वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणून घ्या. फोन आलेला असेल तर खाली ठेवून दुसऱ्याच फोनवरून, स्वतःजवळ लिहून ठेवलेल्या नंबरवर विचारायचं. समोरच्याने रिसीव्हर ठेवलाच नाही तर काही लँडलाइनवर तीच लाइन चालू राहते आणि पलीकडे पुन्हा तोच माणूस बोलतो.

एटीएमचं सोपं आहे: कोणाची मदत घ्यायची नाही, कार्ड अडकलं तरी तिथून न हलता बँकेच्या आतून माणूस बोलवायचा. शक्य असेल तेव्हा बँक चालू असतानाच जायचं.

घडलं तर

पहिल्यांदा बसवा आणि लागलंय का बघा. डोक्याला मार असेल आणि आजी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर "मला काही नाही झालं" म्हणाल्या तरी दवाखान्यात न्यायचंच. आत हळूहळू होणारा रक्तस्राव तासांनी कळतो. उभं राहता येत नसेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उचलायची घाई करू नका, रुग्णवाहिका बोलवा. मग कार्ड आणि सिम बंद करणं. पिशवीत घराची किल्ली आणि पत्ता दोन्ही असतील तर त्याच दिवशी कुलूप बदलणं.

जबाब शक्यतो घरी घ्यावा अशी विनंती करा. चष्मा डोळ्यावर, श्रवणयंत्र कानात, एक ओळखीचं माणूस शेजारी. आधी सलग सांगू द्या, मध्ये प्रश्न घालू नका. शस्त्र दाखवलेलं असेल तर माणसाची नजर त्या शस्त्रावरच खिळते आणि चेहरा आठवत नाही. तिथे "नीट आठवा ना" म्हणून दडपण आणलं की ते काहीतरी सांगून मोकळे होतात आणि तपास भलतीकडे जातो. "एवढे दागिने घालून कशाला गेलात?" हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, पोलिसानेही नाही आणि सुनेनेही नाही. तो प्रश्न ऐकलेलं माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही. मुलं बाहेर जाणं बंद करतील किंवा पैसे काढून घेतील, या धास्तीने कितीतरी आजी-आजोबा चोरी लपवतात.

इथून पुढचे दिवस महत्त्वाचे. इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८६ च्या सुमारास घरफोड्यांवर काम झालं. तिथे दिसलं, की एकदा चोरी झालेल्या घरात पुन्हा चोरी व्हायचा धोका इतरांपेक्षा फार जास्त असतो. म्हणून तिथे आजूबाजूच्या काही घरांनाच त्या एका घरावर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि घरफोड्या झपाट्याने कमी झाल्या. फसवणुकीतही हेच होतं. एकदा फसलेल्याचं नाव फसवणारे एकमेकांना देतात. तेव्हा घटनेनंतर त्या व्यक्तीभोवतीच्या चार-पाच घरांना, तिच्या परवानगीने, सावध करा.

आणि आठवड्याच्या आत तिला पुन्हा त्याच रस्त्याने न्या. एका आजींची पिशवी गेल्यावर त्यांनी दूध आणायला जाणंही सोडलं होतं. शेजारीण आणि बीटवरची पोरगी अशा दोघी रोज त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या. आधी फाटकापर्यंत, मग वळणापर्यंत, मग त्या वळणाच्या पलीकडे. तिथे आजी थांबल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि नेमकं काय झालं ते त्यांनी तिथेच पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. दुचाकीच्या मागच्या दिव्याला चिकटपट्टी लावलेली होती, हे जबाबात नसलेलं वाक्य त्या रस्त्यावर निघालं.

चाललंय की नाही हे कसं कळेल

सुरुवातीला तक्रारी वाढतील. लोक आता सांगायला लागलेत एवढाच त्याचा अर्थ, पण वरिष्ठांच्या तक्त्यात तो आकडा वाईट दिसतो आणि चांगला अंमलदार अडचणीत येतो. म्हणून हे होणार, असं ठाणे प्रमुखांना आधीच लेखी कळवा. दुसरं मोजमाप माझ्या आवडीचं आहे: ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासात त्या रस्त्यावरून साठीच्या पुढची किती माणसं एकटी चालत गेली, हे बाकावर बसून मोजा. आधी मोजा, तीन महिन्यांनी मोजा, वर्षाने मोजा. गुन्हे शून्य आणि रस्ताही रिकामा असेल, तर काम झालेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळा हे काम मोडतं ते बदलीमुळे. ओळखीचा अंमलदार जातो, नवा येतो, त्याला कोणी काही सांगत नाही आणि दोन महिन्यांत पंधरा मिनिटांचं थांबणं बंद होतं. यासाठी नोंदवहीचं पहिलं पान राखून ठेवा. त्यावर नकाशाची छोटी प्रत, त्रासाच्या जागा आणि वेळा, स्वयंसेवकांची नावं, आणि जुन्या अंमलदाराच्या हातचं एक टिपण. बदलीचा हुकूम निघाला की जुन्या आणि नव्या दोघांनी मिळून एकदा तो रस्ता चालावा, आणि बाकावरच्या मंडळींशी नव्याची ओळख जुन्याने करून द्यावी. हे ठाणे प्रमुखांकडून पहिल्याच बैठकीत कबूल करून घ्या, कारण बदली झाल्यावर मागायला गेलं तर जुना माणूस केव्हाच दुसरीकडे हजर झालेला असतो.